ताटलीची परीक्षा

“पॉमेरियन चावतं,” मी म्हणाले आणि वहीतल्या त्याच्या नावावर काट मारली.

“अगं, देशिंगकरांचं कुठं चावत होतं?” सासूबाई म्हणाल्या. “चौदा वर्षं होतं त्यांच्याकडं. कापसाच्या बोळ्यासारखं नुसतं सोफ्यावर बसून असायचं.”

“गॅसवाल्याला चावलं होतं, आई.”

“गॅसवाल्याला सगळीच चावतात.”

मकरंद हसला. रविवार होता, जेवणं झाली होती आणि टेबलावरची ताटं उचलायच्या आधीच मी वही उघडून बसले होते. “मग आता राहिलं कोण?” त्यानं विचारलं. “डॉबरमन गेला, अल्सेशियन गेला. बीगलचं काय झालं?”

“सूर लावून ओरडतो म्हणे. शेजारच्या गल्लीत ऐकू जातं.”

“आणि गावठी? फुकट, काटक, आजारी पडत नाही.”

“आईबाप कसे होते ते कळत नाही.”

“वा! म्हणजे आता घराणं बघायचं. पत्रिका पण मागवून घे.”

“आणि बघायला गेल्यावर त्याला चालून दाखव म्हणायचं,” जुई म्हणाली. जुई तेव्हा नऊ वर्षांची होती आणि मोठ्यांच्या बोलण्यात तिला जागा लागायचीच.

“तुला गं कुणी सांगितलं हे?”

“आजीनं. आजीला चालायला लावलं होतं. आण्णांच्या काकूनं.”

“दोनदा,” सासूबाई म्हणाल्या. “पहिल्यांदा तिचं लक्ष नव्हतं.”

सगळे हसले. मी टेबलाखाली वाकून बघितलं. निहार तिथंच होता, मकरंदच्या पायांजवळ. टेबलाच्या पायाला टेकून एका डब्याचं झाकण उघडत होता, लावत होता. पाच वर्षांचा मुलगा. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी हसले, तो पुन्हा झाकणाकडं वळला.

सोळा महिन्यांपूर्वी ह्याच टेबलाखालून तो दिवसभर हाका मारायचा. “आण्णाऽऽ!” माझे सासरे खिडकीपाशी आरामखुर्चीत पेपर वाचत असायचे. पेपर खाली न करता ते म्हणायचे, “ओऽऽ!” मग थोडा वेळ शांतता. मग परत “आण्णाऽऽ!” आणि परत “ओऽऽ!” काम काहीच नसायचं. हाक मारायची आणि ओ आली की खुदकन हसायचं, एवढाच खेळ. दिवसातून शंभर वेळा तरी. मी वैतागायचे.

आण्णा गेले त्या दिवसापासून निहार बोललेला नव्हता.

एप्रिलमधली दुपार होती ती. सासूबाई कराडला बहिणीकडं गेल्या होत्या, मकरंद बँकेत. मी जुईला चित्रकलेच्या वर्गातून आणायला निघाले. अर्ध्या तासाचं काम म्हणून निहारला आण्णांपाशी ठेवलं. वाटेत स्कूटर पंक्चर झाली आणि अडीच तास गेले. परत आले तर दाराला आतून कडी. बेल वाजवून कुणी येईना. शेजारचे देशिंगकरकाका त्यांच्या गॅलरीतून आमच्या गॅलरीत उतरले आणि त्यांनी दार उघडलं. आण्णा खुर्चीतच होते. समोर छोट्या स्टुलावर निहार. काकांनी आण्णांच्या नाकासमोर तळहात धरला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि माझ्याकडं बघून मान हलवली. निहार त्या हाताकडं बघत होता.

संध्याकाळी घर माणसांनी भरलं. निहारचा आवाज अगदी घोगरा झाला होता, ‘पाणी’ म्हणाला तर नुसती हवा आली. घसा बसलाय, असं सगळेच म्हणाले. मी त्या गर्दीतही त्याला हळद-दूध करून दिलं. बसलेला घसा दोन-चार दिवसांत सुटतो. त्याचा सुटला नाही. डॉक्टर म्हणाले, घशात काही नाही. कानात काही नाही. मेंदूत काही नाही.

त्याला बोलतं करू पाहणाऱ्या केळकर मॅडमकडं आम्ही वर्षभर जात होतो. कुत्र्याचं त्यांनीच सुचवलं. “माणसाशी बोलायचं धाडस होत नसेल तर जनावराशी बोलून बघू दे. जनावर उलटे प्रश्न विचारत नाही,” त्या म्हणाल्या. “पण एक लक्षात ठेवा, अनघा. तो बोललाच, तर झडप घालू नका. टाळ्या नाहीत, पापे नाहीत, नवऱ्याला फोन नाही. काही विशेष घडलंच नाही असं दाखवायचं. हातातलं काम चालू ठेवायचं.”

मी ते वहीत उतरवून घेतलं. शेवटच्या वाक्याखाली रेघ मारली.

मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. माझी प्रयोगवही सर वर्गात इतरांना दाखवायचे. कुत्र्याच्या वहीतही मी रकाने आखले होते: चावणं, भुंकणं, केस गळणं, धसमुसळेपणा, लहान मुलांशी वागणूक. प्रत्येकाला दहा गुण, भुंकण्याला वीस. निहार दचकला की मिटून जायचा. कुणाच्या हातून भांडं पडलं, फटाका वाजला, की दोन दोन दिवस आमच्या डोळ्याला डोळा देत नसे. मला घरात शांत कुत्रं हवं होतं.

“लॅब्रॅडॉर घे,” मकरंद म्हणाला. “लहान मुलांच्या घरात सगळे तोच घेतात.”

“त्याची नुसती शेपूट लागली तरी निहार पडेल.”

“पडेल आणि उठेल. पडू दे की जरा.”

मी रकान्यांची बेरीज केली. लॅब्रॅडॉरचे छप्पन झाले होते, कॉकर स्पॅनियलचे एकोणसाठ. मी कॉकरभोवती गोल केला.

*

मगदूमांचं शेत बुधगावच्या बाजूला होतं. द्राक्षबागेच्या कडेला पत्र्याची लांब शेड, तिला जाळी. मगदूम धिप्पाड होते, पांढऱ्या मिशा, पायात रबरी बूट.

“या या. नऊपास्नं वाट बघायलोय,” ते म्हणाले. मग माझ्या हातातल्या पिशवीकडं बघून, “हे काय वो ताई, डबा आणलाय?”

पिशवीत स्टीलची ताटली होती. जुनी, जाड, सासूबाईंच्या रुखवतातली. पिलांची परीक्षा कशी घ्यायची ते मी वाचलं होतं: उताणं धरून बघायचं, बोट तोंडाजवळ नेऊन बघायचं आणि मोठा आवाज करून बघायचा. आवाजानं जे बिथरतं ते लहान मुलांच्या घरात नको.

“ताटली वाजवून बघणार आहे ती,” मकरंद म्हणाला. “तुम्ही मनावर घेऊ नका. लग्नाआधी माझी पण परीक्षा झाली होती.”

“मग पास कसं झाला वो तुमी?”

“काठावर.”

मगदूम मोठ्यांदा हसले. निहार माझ्या ओढणीमागं गेला.

शेडच्या टोकाला गोणपाटांच्या जाड थरावर पाच पिलं होती. दोन तपकिरी, एक काळं, एक पांढरं अंग आणि काळे कान, आणि एक जवळजवळ सगळं पांढरं, एका कानावर तेवढा चहासारखा डाग. मगदूमांनी भांड्यावर चमचा आपटला आणि “च्यू च्यू च्यू” केलं. चार पिलं एकमेकांना तुडवत धावली. पांढरं तिथंच गोणपाटाचा दोरा चावत बसलं होतं. बाकीची पळताना दिसली तेव्हा ते उठलं आणि सावकाश मागून आलं.

मी लिहिलं, ‘अधाशी नाही.’

“हे जरा गरीबच हाय,” मगदूम म्हणाले. “बाकीची मस्ती करत असली तरी हे आपलं एका अंगाला.”

मी पांढऱ्याला उताणं धरलं. त्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं आणि शेपूट हलवली. बोट तोंडाजवळ नेलं, चाटलं. दहा, दहा. मग सगळी पिलं गोणपाटावर परत जाऊन बसेपर्यंत मी थांबले, जुईला निहारचे कान झाकायला सांगितलं आणि मागच्या फरशीवर ताटली टाकली.

काय आवाज झाला! बागेतली पाखरं उडाली. तपकिरी पिलं भिंतीला जाऊन चिकटली, काळं एका जागी मुतलं. काळ्या कानाचं मात्र ताटलीच्या दिशेनं दोन पावलं पुढं आलं आणि चारी पाय ताणून तिच्यावर भुंकायला लागलं. थांबेचना.

पांढऱ्यानं मान वर केली नाही. दोरा चावत राहिलं.

“बघा!” मी म्हणाले.

“आईला!” मगदूम म्हणाले. “लई घट्ट काळजाचं हाय की हे.”

प्रयोग एकदा करून चालत नाही. मी तीन वेळा ताटली टाकली. तिन्ही वेळा तेच. मी भिंतीला टेकून वही गुडघ्यावर धरली आणि पांढऱ्याच्या नावापुढं वीसपैकी वीस लिहिले.

“आई!” जुई जाळीपासून ओरडत आली. “आई, निहार भुंकला!”

मी वळून बघितलं. निहार जाळीला कपाळ लावून उकिडवा बसला होता. आतून काळ्या कानाचं पिल्लू त्याच्या अगदी नाकासमोर येऊन भुंकत होतं. निहारचं तोंड मिटलेलं होतं.

“खरंच गं! त्यानं भो केलं, मग ह्यानं केलं, मग परत त्यानं केलं!”

“जुई.”

“देवाशप्पथ!”

जुईनं ह्याआधी तीनदा असं सांगितलं होतं. निहार झोपेत ‘आई’ म्हणाला. निहार अंघोळीत गाणं म्हणाला. तिसऱ्या वेळी मी हातातलं पीठ तसंच ठेवून धावत गेले होते आणि काही नव्हतं. त्यानंतर जुई रडत म्हणाली होती, “तू हसावीस म्हणून सांगितलं.” मी तिला जवळ घेतलं होतं आणि पुन्हा असं करायचं नाही असं बजावलं होतं.

“जुई, पुरे आता,” मी म्हणाले.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग चप्पल घासत गाडीकडं गेली.

“ताई, धाकट्याला ते काळ्या कानाचं आवडलंय जणू,” मगदूम म्हणाले.

“ते फार भुंकतं.”

“कुत्रंच हाय वो ते.”

मकरंद माझ्या कानाशी आला. “अगं, तो तिथनं हलत नाहीये. घेऊ या ना तेच.”

“घरी आल्यावर दिवसभर असं भुंकलं तर? तो आठ दिवस पांघरुणातून बाहेर येणार नाही. तू बँकेत असशील. मी असेन घरी.”

मकरंदनं गाडीतनं टोपली आणली. माझ्याकडं वही होती. आम्ही पांढरं पिल्लू टोपलीत घेतलं. निहारला जाळीपासून उचलावं लागलं. गाडीत बसेपर्यंत त्याची मान मागं वळलेली होती आणि काळ्या कानाचं जाळीवर पाय टेकून ओरडत होतं.

*

नाव जुईनं ठेवलं, मस्का. सासूबाईंना मोत्या हवं होतं, त्या चार दिवस मोत्याच म्हणत राहिल्या. “कशालाही येत नाही बाई हे,” त्या म्हणायच्या. “ना मोत्याला, ना मस्क्याला.”

“लहान आहे अजून,” मी म्हणायचे.

गणपतीचे दिवस होते. आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या ढोलांचा सराव रोज संध्याकाळी खिडकीखाली चालायचा. काचा थरथरायच्या. निहारला मी आतल्या खोलीत घेऊन बसायचे, त्याच्या कानांवर हात ठेवून. मस्का बाहेर हॉलमध्ये तंगड्या वर करून झोपलेला असायचा.

“ह्याला म्हणतात संस्कार,” मकरंद म्हणाला. “घराणं बघून आणल्याचा फायदा.”

मी खूश होते, हे मला आठवतं. कुकरची शिट्टी, दाराची बेल, ढोल, कशानंही न ढळणारा एक जीव आमच्या घरात आला होता. आणि निहार बदलत होता. सकाळी उठला की आधी मस्काकडं जायचा. त्याच्यासमोर पालथा पडून नाकाला नाक लावायचा. दोनदा मी त्याचे ओठ हलताना बघितले. आवाज नाही, नुसते ओठ. केळकर मॅडमना फोन केला तर म्हणाल्या, “छान. वाट बघा. आणि सांगितलंय ते लक्षात आहे ना?”

“आहे,” मी म्हणाले.

आठवा दिवस. दुपारचे तीन वाजले असतील. सासूबाई पडल्या होत्या, जुई शाळेत. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मेथी निवडत होते. दार लोटलेलं होतं, त्याच्या फटीतून हॉल आणि पलीकडची गॅलरी दिसायची. त्या दिवसानंतर मी घरात कुठंही बसले तरी निहार दिसेल अशीच बसायचे.

मस्का गॅलरीच्या उंबऱ्यावर बसला होता, आमच्याकडं पाठ करून. पलीकडच्या तारेवर कावळे होते, त्यांच्याकडं टक लावून. निहार खोलीतून आला. हातात लाल चेंडू. हॉलच्या मधोमध थांबला.

“मस्का,” तो म्हणाला.

माझ्या हातात मेथीची जुडी होती. मी तिच्याकडं बघत राहिले. सोळा महिन्यांनी तो आवाज येत होता, आणि तो मला आठवत होता तसा नव्हता. थोडा जाड झाला होता. माझ्या माघारी मोठा झाला होता.

झडप घालायची नाही. हातातलं काम चालू ठेवायचं. मी एक काडी तोडली. पानं एका बाजूला टाकली, देठ दुसऱ्या.

“मस्का.”

मस्काची शेपूट हलली नाही. कान हलले नाहीत. कावळा तारेवर सरकला तशी त्याची मान त्याच्यामागं वळली.

निहारनं चेंडू खाली ठेवला. दोन्ही हात मांड्यांवर घट्ट धरले, हनुवटी वर केली आणि शेवटचं अक्षर लांबवून, टेबलाखालून मारायचा तशी हाक मारली.

“मस्काऽऽऽ!”

मग तो थांबला. मान किंचित कलती. असा थांबलेला मी त्याला हजार वेळा बघितला होता. तो ओ यायची वाट बघत होता.

मी आणखी एक काडी तोडली.

आणि तेव्हा मला ती अडीच तासांची दुपार दिसली. इतके महिने मी समजत होते की आण्णा गेल्याचं त्याला कळलं आणि भीतीनं त्याची वाचा गेली. तसं नव्हतं. त्याला काही कळलं नव्हतं. तो स्टुलावर बसून हाका मारत होता. घसा बसेपर्यंत.

निहार चवड्यांवर चालत गॅलरीकडं गेला. मस्काच्या मागं बसला. मागूनच हात पुढं नेला आणि त्याच्या नाकासमोर तळहात धरला. देशिंगकरकाकांनी धरला होता तसाच, बोटं जुळवून.

कुणी मागं आहे हे मस्काला माहीत नव्हतं. तो केवढ्यानं तरी दचकला, किंचाळला आणि वळता वळता त्यानं हात पकडला. दुसऱ्याच क्षणी त्याला निहार दिसला. मग सोडून लाडानं अंग घुसळायला लागला, शेपूट फटाफट जमिनीवर.

निहार रडला नाही. अंगठ्यापाशी रक्ताचे दोन थेंब आले होते, त्याकडं त्यानं बघितलं. मग मान वर करून सरळ स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. फटीत मी होते. त्याला मी दिसले, आणि मी किती वेळ तिथं आहे तेही दिसलं असणार. माझ्या पुढ्यात निवडलेल्या मेथीचा ढीग होता.

मी ओ दिली नव्हती.

*

जनावरांच्या डॉक्टरांचं नाव शिरगुप्पे. त्यांनी मस्काला टेबलावर ठेवलं, त्याच्या पाठीमागं टाळी वाजवली, शिट्टी मारली. मग एक स्टीलचा ट्रे माझ्या हातात दिला. “त्याच्या मागं उभ्या राहा आणि टाका खाली.”

मी ट्रे धरून उभी राहिले.

“टाका ना.”

“नको,” मी म्हणाले. “मला माहीत आहे.”

“जन्मापासूनच असणार. पांढऱ्या अंगाच्या पिलांत असतं कधी कधी,” ते म्हणाले. “बाकी तब्येत उत्तम. पण तुमच्या लक्षात कसं नाही आलं? घेताना आवाज करून नाही बघितला?”

मकरंदनं माझ्याकडं बघितलं नाही. ते त्याचे उपकार.

मगदूमांना फोन त्यानंच केला. स्पीकरवर त्यांचा आवाज सगळ्या घरात घुमत होता. “साहेब, आईशप्पथ, मला ठावं न्हवतं वो. आणा परत. दुसरं देतो तुमाला.”

“ते काळ्या कानाचं आहे का?”

“ते गेलं की! गडहिंग्लजला दिलं. लई बोलकं निघालंय म्हणं. घरातली पोरं काय म्हणतील त्याला उत्तर देतंय.”

केळकर मॅडमनी माझं सगळं ऐकून घेतलं. मी रडत होते, त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला. “मी झडप घातली नाही,” मी म्हणाले. “तुम्ही सांगितलं होतं तसंच केलं. काम चालू ठेवलं.”

त्यांनी ग्लास उचलून बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाल्या, “अहो, पण साधी ओ द्यायला कुणी नको म्हटलं होतं?”

पुढच्या रविवारी मस्काला परत न्यायचं ठरलं. मकरंदनं टोपली काढली. सासूबाईंनी बजावून सांगितलं होतं की निहारच्या समोर नेऊ नका, पण तो दारात येऊन बसलाच होता, उंबऱ्यावर, अंगठ्याला पट्टी. मस्का हॉलच्या दुसऱ्या टोकाला पाठमोरा, जुईचा मोजा चावत.

निहारनं त्याच्याकडं बघितलं. तोंड उघडलं नाही. उजवा पाय उचलला आणि टाच फरशीवर आपटली. दोनदा.

मस्का वळला. मोजा टाकून धावत आला आणि निहारच्या मांडीत शिरला.

“अगंबाई!” सासूबाईंनी हात जोडले. “बघा, पोरानं शोधून काढलं! आपल्याला सुचलं का? पायांना कळतं गं त्याच्या.” जुई टाळ्या पिटायला लागली. मकरंदनं टोपली खाली ठेवली, डोळे पुसले आणि माझ्याकडं बघून म्हणाला, “राहू दे. राहू दे त्याला.”

सगळे हसत होते. निहारही हसत होता, कितीतरी महिन्यांनी. मी एकटीच त्याच्या मिटलेल्या ओठांकडं बघत होते.

मस्का राहिला. अकरा वर्षं राहिला. मुलांशी त्याच्याइतकं प्रेमळ कुत्रं मी पाहिलं नाही, वहीतला तो रकाना बरोबर होता. निहारनं त्याला हाताच्या खुणांनी सगळं शिकवलं, बस, थांब, ये, खा. दोघं तासन् तास एकत्र असायचे आणि त्यांच्या खोलीतून आवाज यायचा नाही. केळकर मॅडम एकदा म्हणाल्या, “त्याचं सगळं न बोलता भागतंय आता.” पुढं त्यांनीच आमच्या भेटी कमी केल्या.

नवव्या वर्षी निहार शाळेत एका मुलाशी बोलला, मग बाईंशी, मग आमच्याशी. आज तो अठरा वर्षांचा आहे. विचारलं तर उत्तर देतो. पोटापुरतं बोलतो. लोक म्हणतात, अबोल आहे. मी हो म्हणते.

जुई गेल्या दिवाळीला आली होती. भाजणी मळता मळता मध्येच म्हणाली, “आई, त्या दिवशी मगदूमांकडं तो खरंच भुंकला होता. दोनदा. आणि दोन्ही वेळा ते काळ्या कानाचं ओरडलं.”

“माहीत आहे मला,” मी म्हणाले.

तिनं चकलीचा सोऱ्या माझ्याकडं सरकवला.

निहार कुणाला हाक मारत नाही. घरात कुणालाच नाही, मित्रांना नाही, रिक्षालाही नाही. रिक्षासमोर जाऊन उभा राहतो. माझ्याशी काही बोलायचं असेल तर स्वयंपाकघराच्या दारात येतो. मी ओट्याशी असते, त्याच्याकडं पाठ असते, फोडणी तडतडत असते. पायाखालची फरशी दोनदा हलते.

“ओ,” मी म्हणते. लगेच म्हणते, पहिल्या ठोक्यालाच. कधी कधी तो यायच्या आधीच चुकून म्हणते.

तो काही बोलत नाही. मी वळून त्याच्याकडं बघेपर्यंत थांबतो.